वर्गाबाहेरची शाळा : भारतातील निवासी विद्यालये आणि साहसशिक्षण

२१ जून १९३१ रोजी गढवालमधील कामेट या ७,७५६ मीटर उंचीच्या शिखरावर चार जण पोहोचले. तोवर मानवाने सर केलेल्या शिखरांत हे सर्वांत उंच होते. मोहिमेचे नेते फ्रँक स्माइथ, त्यांचे सहकारी एरिक शिप्टन, इंग्लंडमधील हॅरो येथील शिक्षक होल्ड्सवर्थ आणि लेवा नावाचे शेर्पा अशी ही चौकडी होती. होल्ड्सवर्थ यांनी शिखरावर बसून पाइप ओढला, ही गंमत गिर्यारोहणाच्या इतिहासात आवर्जून नोंदली गेली आहे. त्याच मोहिमेत लेवा यांनी हिमदंशाने पायाची बोटे गमावली. ही नोंदही आहे, परंतु ती त्या मानाने क्वचितच सांगितली जाते.

मोहिमेत वनस्पतींच्या अभ्यासाची जबाबदारी होल्ड्सवर्थ यांच्याकडे होती. परतताना ही मंडळी भ्यूंडार खोऱ्यात उतरली, आणि स्माइथ यांच्या लेखनामुळे ते खोरे ‘फुलांची दरी’ म्हणून जगाला परिचित झाले. पुढे होल्ड्सवर्थ डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये शिक्षक झाले. जगातील त्या वेळच्या सर्वोच्च विजित शिखरावर उभा राहिलेला माणूस भारतातील मुलांना इंग्रजी शिकवू लागला, त्यांच्याबरोबर क्रिकेट खेळू लागला आणि सुटीत त्यांना डोंगरात नेऊ लागला. भारतीय निवासी शाळांतील साहसशिक्षणाच्या इतिहासाचे पहिले ठळक पान येथे उघडते.

या इतिहासाकडे शिखरांची आणि विक्रमांची यादी म्हणून पाहण्याची प्रथा आहे. परंतु त्याच्या मुळाशी दोन साधे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे मूल आपल्या स्वाधीन असताना त्याला जोखमीच्या वाटेवर किती पुढे जाऊ द्यावे, हा पहिला. आणि अशी संधी कोणाच्या मुलांना मिळावी, हा दुसरा. गेल्या शतकभरात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कशी बदलत गेली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

पायी चालण्याचा वारसा

डोंगरदऱ्यांतून पायी चालणे भारताला नवे नव्हते. पंढरीची वारी, नर्मदेची परिक्रमा, बदरी-केदारची यात्रा या सर्वांत शरीराचे कष्ट आणि मनाचे शिक्षण एकत्र नांदत आले. मात्र या प्रवासाला शाळेच्या शिक्षणात स्थान नव्हते. ज्यांनी हे दोन प्रवाह जवळ आणले, त्यांत एका मराठी माणसाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांनी १९१२ मध्ये स्वामी आनंद यांच्यासमवेत हिमालयाची पायी यात्रा केली. त्यानंतर शांतिनिकेतनात आणि पुढे साबरमतीच्या आश्रमशाळेत ते शिक्षक झाले. आश्रमातील विद्यार्थ्यांच्या हस्तलिखितासाठी त्यांनी त्या यात्रेचे वर्णन गुजरातीत लिहिले आणि ते गुजराती साहित्यातील प्रवासवर्णनाचा मानदंड ठरले. मातृभाषा मराठी असलेल्या या शिक्षकाला गांधीजी कौतुकाने ‘सवाई गुजराती’ म्हणत. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या कुटुंबांना काकासाहेबांचे हे उदाहरण विशेष जवळचे वाटावे. हिमालय पाहून आलेला शिक्षक वर्गात बसलेल्या मुलांपर्यंत तो कसा पोहोचवतो, याचा तो वस्तुपाठ आहे.

दुसरा प्रवाह बालवीर चळवळीचा. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरवले. लवकरच ही चळवळ भारतात आली, पण आरंभी तिचे दरवाजे भारतीय मुलांना बंद होते. तंबू ठोकणे, गाठी मारणे, नकाशावरून वाट शोधणे हे शिक्षण युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते राखलेले होते. या अन्यायाला उत्तर म्हणून अ‍ॅनी बेझंट यांनी १९१७ मध्ये मद्रासला भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभारली. उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची बालवीर पथके सुरू केली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ची स्थापना झाली. शाळकरी मुलांच्या लष्करी शिक्षणाचा विचार करण्यासाठी १९४६ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षही कुंझरूच होते. त्या समितीच्या शिफारशींतूनच १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजेच एन.सी.सी. अस्तित्वात आली. खाकी गणवेश, पहाटेची कवायत आणि शिबिरातील पंगत यांच्या आठवणी आज असंख्य माजी विद्यार्थ्यांच्या मनात घर करून आहेत. त्यांच्यामागे हा सारा इतिहास उभा आहे.

एका वर्षाच्या अंतराने दोन शाळा

निवासी शाळेत साहसाला अभ्यासक्रमाचे स्थान देण्याचा विचार सर्वांत ठामपणे मांडला तो कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञांनी. बर्लिनमधील ज्यू कुटुंबात १८८६ मध्ये जन्मलेल्या हान यांनी १९२० मध्ये दक्षिण जर्मनीतील सालेम येथे निवासी शाळा सुरू केली. हिटलरच्या अनुयायांनी केलेल्या एका क्रूर खुनाचा त्यांनी उघड निषेध केला, आणि नाझी सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांच्या मध्यस्थीने सुटका झाल्यावर ते ब्रिटनमध्ये आले आणि १९३४ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यालगत त्यांनी गॉर्डनस्टन ही शाळा काढली.

आधुनिक जीवनाने तरुणांची शारीरिक क्षमता, पुढाकार, कौशल्य, आत्मसंयम आणि करुणा यांचा ऱ्हास चालवला आहे, असे हान यांचे निदान होते. त्यावर त्यांनी सुचवलेल्या उपायांत व्यायाम होता, दूरच्या मोहिमा होत्या, हाताने तडीस नेण्याचे प्रकल्प होते. परंतु सर्वांत वरचे स्थान होते बचावकार्याला. गॉर्डनस्टनची मुले किनाऱ्यावर पहारा देत, आग विझवण्याचे शिक्षण घेत. समुद्रात आणि डोंगरात जायचे ते दुसऱ्याचा जीव वाचवता यावा म्हणून, अशी ही दृष्टी होती.

दुसऱ्या महायुद्धात या दृष्टीची कसोटी लागली. अटलांटिक महासागरात जहाजे बुडत असताना एक विचित्र गोष्ट लक्षात आली. जीवरक्षक नावांतून वाचण्याचे प्रमाण तरुण खलाशांपेक्षा वयस्क खलाशांत अधिक होते. तरुण अंगाने बळकट होते. परंतु संकटांतून तरून जाण्याचा अनुभव नसल्यामुळे ते लवकर धीर सोडत. ब्लू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट आणि हान यांनी मिळून १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे सव्वीस दिवसांचा अभ्यासक्रम सुरू केला. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजासाठी वापरला जाणारा ‘आउटवर्ड बाउंड’ हा शब्द त्याचे नाव झाला. आज जगभर चालणाऱ्या साहस शिबिरांच्या पद्धतीचा उगम येथे आहे.

गॉर्डनस्टननंतर एका वर्षाने, सप्टेंबर १९३५ मध्ये, डेहराडूनला डून स्कूल सुरू झाले. कलकत्त्याचे नामांकित कायदेपंडित सतीश रंजन दास यांनी ही कल्पना मांडून निधी जमवला होता; पण शाळा पाहण्यापूर्वीच, १९२८ मध्ये त्यांचे निधन झाले. पूर्वी वनसंशोधन संस्थेच्या ताब्यात असलेली चांदबाग ही वृक्षराजीने भरलेली जागा शाळेला मिळाली. ईटन येथे विज्ञान शिकवणारे आर्थर फूट पहिले मुख्याध्यापक झाले. हॅरोहून जॉन मार्टिन आले, १९३७ मध्ये जॅक गिब्सन आले आणि त्यांच्यानंतर होल्ड्सवर्थ. शाळेच्या उत्तरेस मसुरीची डोंगररांग आणि तिच्यामागे हिमालय. शिक्षकही असे, की ज्यांना तो हिमालय स्वस्थ बसू देत नव्हता.

बंदरपूंछचा धडा

यमुनेच्या उगमाजवळील बंदरपूंछ हे ६,३१६ मीटर उंचीचे शिखर चांदबागेच्या शिक्षकांना विशेष प्रिय होते. १९३७ मध्ये गिब्सन आणि मार्टिन यांनी त्यावर पहिला प्रयत्न केला. त्यांच्यासोबत तेव्हा फारसा प्रसिद्ध नसलेला एक तरुण शेर्पा होता, तेनसिंग नोर्गे. शिखर हाती लागले नाही. १९४६ मध्ये गिब्सन, होल्ड्सवर्थ आणि तेनसिंग पुन्हा गेले. या वेळी शाळेतून नुकताच बाहेर पडलेला नरेंद्र धर जयाल ऊर्फ नंदू हा तरुणही बरोबर होता. तेव्हाही परतावे लागले. अखेर १९५० मध्ये गिब्सन यांच्या नेतृत्वाखालील तुकडीतून तेनसिंग, रॉय ग्रीनवुड आणि शेर्पा किनचोक त्सेरिंग हे शिखरावर पोहोचले. स्वतः गिब्सन त्या वेळी शिखरावर नव्हते.

पहिला प्रयत्न आणि यश यांत तेरा वर्षे गेली. या तेरा वर्षांत शाळेतील मुलांनी आपल्या शिक्षकांना दोनदा शिखर न गाठता परतलेले पाहिले. परत फिरणे म्हणजे पराभव नव्हे, हे शिक्षकाने वर्गात शंभरदा सांगितले असते तरी ते मुलांना इतके उमगले नसते. हिमालयात अनुभवी माणसाची ओळख त्याने गाठलेल्या शिखरांइतकीच त्याने सोडून दिलेल्या शिखरांवरूनही पटते.

डून स्कूलच्या सहामाहीच्या मध्यावर मिळणाऱ्या चार-पाच दिवसांच्या सुटीची परंपराही याच विचारातून वाढली. या सुटीत मुले घरी न जाता लहान लहान गटांनी डोंगरात जात. वाट ठरवणे, शिध्याचा हिशेब करणे, ओझी वाटून घेणे, स्वयंपाक करणे आणि उरलेल्या पैशांचा चोख ताळेबंद परत आल्यावर देणे, ही सर्व कामे मुलांचीच. वरच्या वर्गांचे गट तर शिक्षकांशिवाय जात. तांदूळ कमी पडला तर दोष देण्यास स्वयंपाकी नाही, वाट चुकली तर रागावण्यास मास्तर नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर त्याच्याहून लहान मुलांना सुखरूप परत आणण्याची जबाबदारी टाकणे, हा या परंपरेचा गाभा होता. दऱ्या आणि धबधबे हे त्याचे निमित्त.

या चित्राची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ही संधी मिळत होती ती देशातील मूठभर संपन्न घरांतील मुलांना, आणि तीही केवळ मुलग्यांना. त्यांना दोर धरायला शिकवणाऱ्यांत तेनसिंगसारखी माणसे होती, ज्यांना स्वतः कधी शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते. तेनसिंग अनेक भाषा बोलत, पण लिहिणे-वाचणे त्यांना येत नव्हते. दोराच्या एका टोकाला देशातील सर्वांत महागड्या शिक्षणाचे विद्यार्थी आणि दुसऱ्या टोकाला शाळा न पाहिलेला शिक्षक, अशी ही जोडी होती. डोंगरावर मात्र कोणी कोणाच्या भरवशावर चालायचे, याविषयी संदिग्धता नव्हती.

त्रिशूलपासून दार्जिलिंगपर्यंत

स्वातंत्र्यानंतर चांदबागेतील या शिक्षणाला राष्ट्रीय रूप आले. शाळेतील भूगोलाचे शिक्षक गुरदियाल सिंग यांनी १९५१ मध्ये ७,१२० मीटर उंचीच्या त्रिशूल शिखरावर मोहीम नेली. ते स्वतः, ग्रीनवुड आणि शेर्पा दावा थोंडुप शिखरावर पोहोचले. स्वतंत्र भारतातील गिर्यारोहणाचा आरंभ या मोहिमेपासून मानला जातो. या आरंभाचा मान एका शाळामास्तराकडे जातो, ही बाब शिक्षकी पेशाला भूषणावह आहे. गुरदियाल सिंग पुढे १९६५ च्या यशस्वी भारतीय एव्हरेस्ट मोहिमेतही सहभागी झाले. परंतु त्यांची खरी कमाई त्यांच्यासोबत डोंगर चढलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या हीच होय.

२९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. त्या यशाच्या प्रेरणेने पंडित नेहरू आणि पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकारातून ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तेनसिंग प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे संचालक झाले आणि पहिले प्राचार्य झाले मेजर नंदू जयाल. १९४६ मध्ये आपल्या शिक्षकांबरोबर बंदरपूंछवरून परतलेला तरुण आता साऱ्या देशातील तरुणांचा शिक्षक झाला होता. शाळा न पाहिलेले तेनसिंग आणि चांदबागेचे जयाल एकाच संस्थेत खांद्याला खांदा लावून उभे राहिले. गिर्यारोहण शिकण्यासाठी आता विशिष्ट शाळेत किंवा विशिष्ट घरात जन्म घेण्याची गरज उरली नाही.

जयाल यांना हे काम फार काळ लाभले नाही. १९५८ मध्ये चो ओयू या आठहजारी शिखरावरील भारतीय मोहिमेत अतिउंचीवरील आजाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ऐन तरुण वयात होते. त्याच मोहिमेतील सोनम ग्यात्सो आणि पासंग दावा लामा शिखरावर पोहोचले, परंतु त्या यशावर या मृत्यूची छाया कायम राहिली. साहसशिक्षणाचा इतिहास लिहिताना या पानावरून घाईने पुढे जाता येत नाही. उत्तम शिक्षण, उत्तम शरीर आणि उत्तम अनुभव असूनही डोंगर किंमत मागू शकतो, हे जयाल यांच्या जाण्याने सर्वांना कळले.

पुढे १४ नोव्हेंबर १९६५ रोजी उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था सुरू झाली. त्याच जिल्ह्यातील नाकुरी गावच्या बचेंद्री पाल यांनी येथे शिक्षण घेतले आणि २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचून त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याच वर्षी जमशेदपूरला त्यांच्या नेतृत्वाखाली टाटा स्टील अ‍ॅडव्हेंचर फाउंडेशन उभे राहिले. मुलींच्या साहसशिक्षणाविषयी पालकांच्या मनात असलेला संकोच दूर होण्यास या एका नावाने जेवढी मदत केली, तेवढी कोणत्याही परिपत्रकाने केली नसेल.

महाराष्ट्रात १९६१ मध्ये सातारा येथे देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. पुढे राज्याराज्यांत अशा शाळा निघाल्या आणि शेतकऱ्यांची, नोकरदारांची मुलेही अडथळ्यांची शर्यत, दोरचढ, पोहणे आणि पदभ्रमण यांनी भरलेले निवासी शिक्षण घेऊ लागली. दुसरीकडे डोंगरातील जुन्या निवासी शाळाही आपली परंपरा पुढे नेत होत्या. ब्रिटिश सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी १८४७ मध्ये स्थापन झालेल्या सनावरच्या लॉरेन्स स्कूलचे विद्यार्थी मे २०१३ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले.

आश्रमशाळेतून एव्हरेस्टकडे

भारतातील निवासी शाळांचा एक निराळा, गरिबांचा इतिहास आहे. ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले आणि त्यातून आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळांची वाट रुंद झाली. गावात शाळा नाही आणि घरी शिकवण्याची ऐपत नाही, अशा मुलांसाठी या शाळा होत्या. तेथे राहणे, दोन वेळचे जेवण आणि अक्षरओळख मिळणे हेच मोठे यश होते. साहसशिक्षण हा शब्दही तेथे कोणी उच्चारला नसता. यातील विसंगती अशी, की ही मुले जन्मतःच डोंगरातली. रोज मैलोगणती चालणारी, झाडावर सहज चढणारी, अंधारात रानवाट ओळखणारी. शाळेच्या दारात शिरताना हे सारे ज्ञान त्यांना जणू बाहेर ठेवावे लागे.

हे चित्र पालटण्यास २०१४ साल उजाडावे लागले. निझामाबाद जिल्ह्यातील शेतमजूर आदिवासी कुटुंबातील मालावत पूर्णा ही मुलगी आंध्र प्रदेश शासनाच्या समाजकल्याण निवासी शाळेत शिकत होती. दलित आणि आदिवासी मुलांसाठी चालणाऱ्या या शाळांच्या संस्थेचे सचिव, पोलीस अधिकारी आर. एस. प्रवीणकुमार यांनी मुलांना गिर्यारोहणाची संधी देण्याचे ठरवले. हैदराबादजवळच्या भोंगीर येथील प्रचंड खडकावर प्रशिक्षक शेखर बाबू यांनी मुलांना प्रथम दोर धरायला शिकवले. तेथून निवडलेली मुले दार्जिलिंगला गेली, पुढे लडाखच्या थंडीत त्यांची परीक्षा झाली, आणि अखेर पूर्णा व साधनपल्ली आनंदकुमार या दोघांची निवड झाली. नेपाळमध्ये सोळा वर्षांखालील गिर्यारोहकांना परवानगी नसल्याने ते तिबेटच्या बाजूने चढले. २५ मे २०१४ रोजी दोघेही एव्हरेस्टवर पोहोचले. पूर्णाचे वय तेव्हा तेरा वर्षे अकरा महिने होते. एव्हरेस्ट गाठणारी ती जगातील सर्वांत लहान मुलगी ठरली.

चार वर्षांनी हीच वाट महाराष्ट्रातील मुलांनी धरली. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाने आणि जिल्हा प्रशासनाने ‘मिशन शौर्य’ ही योजना आखली. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या प्रदेशातील या मुलांपैकी अनेकांनी बर्फ कधी पाहिलेही नव्हते. दार्जिलिंग आणि लेह येथे प्रशिक्षण घेऊन निवडक दहा विद्यार्थी मोहिमेवर गेले. मे २०१८ मध्ये त्यांतील पाच जण माथ्यावर पोहोचले. उरलेल्या पाच जणांनी वेळीच माघार घेतली आणि तेही सुखरूप घरी आले. बंदरपूंछच्या इतिहासाशी परिचित असलेला वाचक या दुसऱ्या पाच जणांनाही यशस्वीच म्हणेल.

तेरा वर्षांच्या मुलीला आठ हजार मीटरच्या वर पाठवावे काय, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला आणि तो रास्त होता. त्या उंचीवर वाढत्या वयाच्या शरीरावर होणारा ताण ही क्षुल्लक बाब नाही. सर्वच शाळांनी एव्हरेस्टची स्वप्ने पाहावीत, असा या घटनांचा अर्थ नाही. त्यांनी सिद्ध केले ते एवढेच, की संधी, शिस्तबद्ध तयारी आणि विश्वास मिळाला तर आश्रमशाळेतील मूल चांदबागेतील मुलापेक्षा कोठेही उणे पडत नाही.

जोखीम आणि तयारी

पूर्णा शिखरावर पोहोचली त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, ८ जून २०१४ रोजी, हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात हैदराबादच्या एका महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते कोणत्याही साहसी मोहिमेवर नव्हते. शैक्षणिक सहलीत, नदीच्या खडकांवर उभे राहून ते छायाचित्रे काढत असताना वरच्या धरणातून सोडलेले पाणी अचानक आले. हैदराबादच्याच परिसरात तयारी केलेली तेरा वर्षांची मुलगी जगाच्या माथ्यावरून सुखरूप परतली आणि त्याच शहरातील तरुण नदीकाठावरून परतले नाहीत. या दोन घटना शेजारी ठेवल्या की मन सुन्न होते. त्या पात्रात पाणी केव्हा येते हे सांगणारे कोणी त्या मुलांजवळ नव्हते.

मात्र तयारी असली की धोका संपला, असेही मानता येत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील द्रौपदी का डांडा शिखरावर प्रगत प्रशिक्षण घेणाऱ्या तुकडीवर हिमलोट कोसळला. सत्तावीस जणांचे मृतदेह हाती आले आणि दोघांचा शोध लागला नाही. मृतांत अनुभवी प्रशिक्षकही होते. डोंगर अभय देत नाही; माणसाने फक्त धोका कमी करत जायचा असतो.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत साहसशिक्षणाला नियमांची चौकट आली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक आणि सुरक्षेची साधने यांवर भर दिला. नियमांमुळे काही शाळांनी सहलीच बंद केल्या, ही मात्र खेदाची गोष्ट होय. अटलांटिकमधील तरुण खलाशांची आठवण येथे पुन्हा करावी लागते. कधीही लहान संकट न पाहिलेले मूल मोठ्या संकटात लवकर हात टेकते. त्याला चार भिंतींत सुरक्षित ठेवल्याने धोका टळत नाही, तो केवळ पुढच्या वयावर ढकलला जातो.

समारोप

नव्वद वर्षांचा हा प्रवास चांदबागेच्या मूठभर मुलांपासून चंद्रपूरच्या आश्रमशाळेपर्यंत आला. ज्या शाळांनी ही परंपरा नीट सांभाळली, त्यांत काही गोष्टी समान दिसतात. तेथे शिक्षक स्वतः डोंगर चढत होते. मुलांच्या हाती केवळ आनंद नव्हे, तर कामही सोपवले जात होते. परत फिरण्याचा निर्णय घेणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नव्हते. आणि सर्वांत दुबळ्या भिडूच्या चालीने साऱ्या गटाने चालायचे, हा नियम अलिखित असूनही मोडला जात नव्हता.

या गोष्टींसाठी हिमालय शेजारी असावा लागत नाही. गावाबाहेरची टेकडी, नदीचा काठ, एका रात्रीचा तंबू आणि विश्वासाचे शिक्षक एवढ्यावरही हे शिक्षण उभे राहते. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या मराठी शाळेतील मुलांना आपापल्या प्रांताचे डोंगर आणि नद्या पायाखाली घालता येतील, आणि सुटीत आजोळी गेल्यावर सह्याद्रीचे गडही. ज्यांना शाळेच्या शिबिराने एकेकाळी पहिल्यांदा घराबाहेर झोपायला शिकवले, ते माजी विद्यार्थी आज दोर आणि नकाशा घेऊन नव्या मुलांसोबत उभे राहू शकतात.

शिबिराचे संमतीपत्र हाती आले की पालकांचा हात क्षणभर थबकतो. तो थबकावाच. गटाबरोबर कोण जाणार, त्यांचे प्रशिक्षण कोठे झाले, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे आणि हवामान बिघडल्यास परतण्याचा निर्णय कोण घेणार, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. चांगल्या शाळेला या प्रश्नांचा राग येत नाही. उत्तरे समाधानकारक मिळाली, तर मात्र त्या कागदावर सही व्हावी. मुलीला डोंगरावर पाठवण्याचा धीर पाकाला गावच्या एका शेतमजूर आईबापांनी केला होता, हे त्या क्षणी आठवावे.